विलेम जे बोललाच नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माधवीला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते मलाही नीट माहीत नाही. ऐकून घ्या, एवढंच.

दोन हजार सालानंतर पुण्यामुंबईकडून आयटीवाल्यांची जी रांग जपानला लागली, तिच्यात मीही होतो. घर टोकियोच्या पूर्व टोकाला हिगाशी-कसाईत, ऑफिस शहराच्या मध्यात. मला जपानी बऱ्यापैकी यायचं आणि त्याचा मला माज होता. हो, माजच. इमारतीतल्या कुणाला दवाखान्यात जायचं असलं की मला बोलावणं यायचं, आणि मी नवरदेवासारखा निघायचो.

विलेमची ओळख त्यातूनच झाली. तो हॉलंडचा. तिकडे फुटबॉलच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये सहा वर्षं डावा बॅक म्हणून खेळला, गुडघा गेल्यावर जपानमधल्या एका कारखान्याच्या टीमकडून खेळायला आला, आणि गुडघा पुन्हा गेला तेव्हा कोच झाला. आमच्या भागातल्या मुलींच्या क्लबला तो नदीकाठच्या मैदानावर शिकवायचा. माझी सई तेव्हा नऊ वर्षांची, त्याच्याच टीममध्ये. त्याचं जपानी ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘शाब्बास’ यापुढे जात नसे. म्हणून पालकांशी बोलायचं असलं की तो इंग्रजीत सांगायचा आणि मी ते जपानीत सांगायचो. मुलींकडून तो एकच गोष्ट घोकून घ्यायचा — बॉल पायाशी यायच्या आधी मान वळवून आजूबाजूला बघा. सई रस्ता ओलांडतानाही तशीच मान वळवायची. “खेळाडू म्हणून मी साधारणच होतो,” तो एकदा मला म्हणाला, “पण शिकवायला लागल्यापासून वाटतं की याचसाठी फुटबॉल शिकलो असेन.” इचिकावातल्या एका मुलींच्या शाळेत त्याला कोचची कायमची जागा मिळायची होती. आमच्या क्लबने शिफारसपत्र दिलं की झालं.

तर तो रविवार. मी उगाच लांबण लावतोय, नाही का?

तिकडे अशा क्लबांत पालकांची पाळी असते, तोबान म्हणतात तिला. ज्याची पाळी असेल त्याने बार्लीचा गार चहा आणायचा, बर्फ आणायचा, मुलींकडे लक्ष ठेवायचं. त्या दिवशी पाळी माझी होती, आणि मैदानावर मोठी माणसं आम्ही दोघंच. सकाळी विलेमने मला एक जादा काम दिलं. म्हणाला, ऊन फार आहे, खेळ रंगला की मला वेळेचं भान राहत नाही, तेव्हा दर वीस मिनिटांनी तू टॉवेल हलव, गोल होत असला तरी मी खेळ थांबवून पाणी देईन. मी एकदा टॉवेल हलवला. मग ऑफिसातून तानाका-सानचा फोन आला, क्लायंटकडचा सर्व्हर बंद पडला होता. मैदानावर गलका होता, म्हणून मी बोलत बोलत पुलाखाली गेलो. तिथे पाऊण तास गेला. परत आलो तेव्हा सईच्या वयाची मिउ नावाची मुलगी चक्कर येऊन पडली होती, आणि विलेम तिला उचलून सावलीकडे धावत होता — त्या गुडघ्यानिशी.

मिउ बरी झाली. दोन दिवस हॉस्पिटलात राहून घरी गेली. ती बरी झाली, म्हणून माझं वागणं बरं ठरत नाही.

पुढच्या शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये सभा झाली. पालक घडीच्या खुर्च्यांवर, मुली मागे भिंतीशी. अध्यक्ष मोरिता-सान, निवृत्त शिक्षक. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं की त्या दिवशी खेळ का थांबवला गेला नाही. मी विलेमला प्रश्न सांगितला. तो माझ्याकडे वळला.

“टॉवेलचं काम तुझ्याकडे होतं आणि तू फोनवर गेलास, हे सांग. पण मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती, मलाही दिसायला हवं होतं. दोन्ही सांग.”

दोन्ही सांग. काय कठीण होतं त्यात? शब्द मला येत होते. पण वीस जण माझ्याकडे बघत होते, याच लोकांत मी शहाणा म्हणून मिरवत होतो, आणि मिउची आई पहिल्या रांगेत होती. मी जपानीत म्हणालो, “कोच म्हणतात, खेळ रंगात आला होता, थांबवावासा वाटला नाही. चूक सर्वस्वी त्यांची आहे.”

आणि मी कंबरेतून वाकलो. चांगला खाली, बराच वेळ. विलेमला वाटलं, मी माझ्या चुकीची माफी मागतोय. मला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून तोही माझ्या शेजारी वाकला. समोरच्यांना काय दिसलं असेल? कोच स्वतः वाकून चूक कबूल करतोय. त्यानंतर तिथे कुणी काही विचारत नाही.

मोरिता-सान म्हणाले, कोचनी काही काळ विश्रांती घ्यावी. तिथे अशी विश्रांती म्हणजे पुन्हा येऊ नका, हे सगळ्यांना कळतं. हे मात्र मी विलेमला शब्दाला शब्द सांगितलं. बाहेर बूट घालताना विलेमचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तू सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगितलीस. मला तुझा राग नाही.”

मी मान हलवली. शिफारसपत्र अर्थातच निघालं नाही.

आणि घरी जाताना — इथे मला दर वेळी थांबावं लागतं. सईला इंग्रजी आणि जपानी दोन्ही भाषा यायच्या, माझ्यापेक्षा बऱ्या. भिंतीशी बसून तिने सगळं ऐकलं होतं. सिग्नलपाशी तिने विचारलं, “बाबा, कोच असं नव्हते ना म्हणाले?” मी तिला सांगितलं की तुला नीट कळलं नाही, मोठ्यांच्या सभेत असंच बोलायचं असतं. ती म्हणाली, माझंच चुकलं असेल. नऊ वर्षांच्या पोरीला मी स्वतःच्या कानांवर अविश्वास ठेवायला शिकवलं. ती पुन्हा त्या मैदानावर गेली नाही. माधवीला वाटलं, उन्हाची धास्ती घेतली.

विलेम दोन महिन्यांत हॉलंडला परतला आणि एका गोदामात कामाला लागला. त्याचे मेल यायचे. एकदा मी विचारलं — माझा निर्लज्जपणा बघा — गावातल्या पोरांना तरी शिकवतोस का? त्याने लिहिलं, नाही. एक मुलगी माझ्यासमोर कोमेजत होती आणि मला दिसली नाही. पालकांनी सगळं खरं ऐकूनही मला नको म्हटलं, म्हणजे त्यांचं बरोबरच असणार. आता मुलांची जबाबदारी घ्यायची मला भीती वाटते.

तेव्हा तरी खरं लिहायला नको होतं? लिहिलं, आणि पुसून टाकलं. मग त्याच्या गुडघ्याची चौकशी केली.

मागच्या वर्षी तो वारला. त्याच्या बायकोने कळवलं. जपानचा विषय निघाला की तो तुमचं नाव घ्यायचा, तिने लिहिलं होतं. त्या खोलीत खरं बोलणारा एक माणूस होता, असं तो स्वतःच्या मुलांना सांगायचा. मी तिला सांत्वनाचं पत्र पाठवलं. चांगलं, दोन पानी पत्र. त्यातही मी ते लिहिलं नाही.