संकष्टीच्या दिवशीची ओहोटी

आमच्याकडे उतरणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक जी येताच चपला कुठे काढायच्या ते विचारतात, आणि दुसरी जी वायफाय विचारतात. त्या डिसेंबरात आलेली कंपनी तिसऱ्याच प्रकारची निघाली. त्यांच्या साहेबांनी उतरल्या उतरल्या माझ्याकडून एक मोठी टोपली मागून घेतली आणि एकोणीस माणसांचे एकोणीस फोन तिच्यात टाकून टोपली माझ्या हवाली केली. दोन दिवस कुणी फोनला हात लावायचा नाही, साहेबांनीही नाही. मी ती देवघराच्या कोनाड्याखाली ठेवली. दिवसभर ती तिथे गुरगुरत होती.

दिवेआगरच्या जरा पलीकडे आमची वाडी आहे. वादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा उरलेल्या सावलीत आम्ही चार खोल्या वाढवल्या आणि पाहुणे घ्यायला लागलो. कुटुंबं येतात, जेवतात, मोदकांचं कौतुक करतात, जातात. अख्खी कंपनी यायची ती पहिलीच वेळ होती आणि मला ती झेपेल की नाही याची आतून धास्ती होती. त्या धास्तीमुळे मी जरा जास्तच हुशारी दाखवत होते, हे आता कबूल करते.

साहेबांना सगळ्यांनी मिळून करण्यासारखं काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, किनाऱ्याच्या टोकाला खाडीचं मुख आहे, ओहोटीला गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं, तिकडे वाळूचा मोठा पट्टा आहे, माणूस नसतं. साहेब खूश झाले. उद्या सकाळीच, म्हणाले.

"पाणी कधी उतरतं?"

"नऊला अगदी तळाला असेल," मी ताडकन सांगितलं. फोनात न बघता, तक्त्यात न बघता. ते बघतच राहिले, आणि मला बरं वाटलं.

हा हिशेब मला माझ्या सासऱ्यांनी शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती, माझा उपास. संकष्टी म्हणजे चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, तर नऊला ओहोटी. ओहोटीनंतर दोन तास खाडी चालून ओलांडता येते, म्हणजे अकरापर्यंत. मी हात राखून साडेदहा सांगितलं. साडेदहाला निघा म्हणजे निघा, असं तीनदा बजावलं.

त्यांच्याबरोबर माझा नवरा जायचा होता. पण सकाळी साहेबांना दुपारच्या भाषणासाठी पडदा हवा झाला आणि पडद्याची कुठलीशी वायर माणगावशिवाय मिळेना. नवरा म्हणाला, "मी नसलो तर पाठवू नको." मी म्हटलं, "तुम्ही जा हो. वेळ सांगितली आहे, लहान मुलं आहेत का ती?" तो गेला. आठ वाजता कंपनीही गेली, टोप्या घालून, शिट्ट्या वाजवत. सगळ्यांच्या मागे त्यांचे हिशेबनीस होते. पन्नाशीच्या पुढचे, जाड भिंगाचा चष्मा, एक गुडघा दुखरा. "मी इथेच थांबलो तर?" असं त्यांनी साहेबांना विचारलेलं मी ऐकलं होतं. साहेब म्हणाले, "सगळे म्हणजे सगळे."

दहाला पाच कमी असताना मी चंद्रोदयाची वेळ बघायला कॅलेंडरपाशी गेले. उपास सोडायचा कधी, एवढंच बघायचं होतं. त्या चौकटीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, तृतीया दुपारी १.५० पर्यंत.

संकष्टी रात्रीच्या चंद्रावर धरतात. रात्री चंद्र उगवताना चतुर्थी असली की त्या दिवशी उपास. पण भरतीचा हिशेब उगवतीच्या, म्हणजे सूर्योदयाच्या तिथीवर करायचा असतो, उपासावर नाही. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. उगवतीला तृतीया होती. तिनाची पाऊणपट सव्वादोन. ओहोटी नऊला नव्हतीच, सव्वाआठला होऊन गेली होती. खाडी सव्वादहापर्यंतच चालून येण्यासारखी होती, आणि मी स्वतःच्या तोंडाने त्यांना साडेदहा सांगून बसले होते.

फोन करायला मी टोपलीपर्यंत धावले आणि तिथे पोचल्यावर कळलं की ज्यांना फोन करायचा त्या सगळ्यांचे फोन माझ्यासमोरच आहेत. स्कूटर काढली. वाळूत ती रुतली, तिथेच टाकली आणि पळत सुटले. साडीचा ओचा कधी खोचला आठवत नाही. एकोणीस माणसं, एकोणीस घरं, हेच डोक्यात घण घालत होतं.

खाडीच्या तोंडाशी शेजारचे कोळीदादा जाळं सांधत बसले होते. मी धापा टाकत विचारलं, "पाणी कितपत आहे?"

"कमरेला आलंय. मंगाशीच फिरलं पानी." मग त्यांनी पलीकडे पाहिलं. "तुमची मान्सं हायत व्हय ती? मला वाटलं, होडीतनं आल्यात."

पलीकडे ती सगळी गोल करून कसलासा खेळ खेळत होती. मी हात हलवून ओरडले. वारा माझ्याच तोंडावर होता. त्यांनी मला पाहिलं आणि एकदम सगळ्यांनी हात उंच करून मला उलट हलवले, हसत हसत. मला रडू फुटलं.

कोळीदादांनी जाळं बाजूला टाकलं. त्यांची होडी दुरुस्तीला वर ओढलेली होती. त्यांनी तिचा दोर सोडला, एक टोक काठावरच्या खुंटाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि पाण्यात उतरले. मीही मागून उतरले. "तुमी नका येऊ, बाय," ते म्हणाले, पण मी काठावर उभी राहूच शकले नसते. पाणी थंड होतं आणि पायांखालची वाळू ओढत होतं. आम्ही मध्याशी पोचलो तेव्हा पलीकडचे निघत होते. घड्याळ पाहून, अगदी साडेदहाला, मी सांगितल्याप्रमाणे. पाणी बघून त्यांचे चेहरे बदलले.

कोळीदादांनी पलीकडे जाऊन दोर धरला आणि एकेकाला पाठवायला लागले. मी मधे उभी राहून प्रत्येकाचा दंड पकडत होते, पुढे ढकलत होते, आणि तोंडाने आकडे मोजत होते. साहेब सातवे आले. पंधरा झाले तेव्हा पाणी माझ्या छातीशी होतं. अठरा झाले, आणि एकोणिसावे हिशेबनीस. कोळीदादांनी त्यांना आपल्यापुढे घेतलं होतं. मधे आल्यावर त्यांचा तो गुडघा मुडपला आणि ते माझ्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेले. दोरावरचा त्यांचा एक हात तेवढा दिसत होता. तो हातही सुटला.

किती वेळ ते मला माहीत नाही. कोळीदादांनी बुडी मारून त्यांना सदऱ्याला धरून वर काढलं, मी दुसऱ्या बाजूने काखेत हात घातला आणि आम्ही दोघांनी त्यांना ओढत काठावर आणलं. ते पालथे पडून खोकत होते. चष्मा गेला होता. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मनात म्हणत राहिले, आता सांग, आता सगळ्यांना सांग. पण माझे दात वाजत होते आणि तोंडातून शब्द फुटला नाही.

संध्याकाळी पडवीत सगळे गोल करून बसले. दिवसाबद्दल एकेकाने बोलायचं, असा त्यांचा नेम. मी चहा फिरवत होते. साहेब म्हणाले की वेळेत सगळे निघाले असते तर हे झालं नसतं, गटात एक माणूस मागे पडला की सगळ्यांचा जीव धोक्यात येतो. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. हिशेबनीस उठले, हात जोडले आणि म्हणाले, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला. माफ करा."

मग मात्र मला राहवलं नाही. ट्रे खाली ठेवला. म्हटलं, "यांची काही चूक नाही. तुम्ही मी सांगितलेल्या वेळेलाच निघालात. वेळच मी चुकीची सांगितली." आणि तिथी, पाऊणपट, उगवती, संकष्टी, सगळं सांगत गेले. आत जाऊन कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं आणि साहेबांपुढे धरलं. त्यांनी ते सौजन्याने पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही त्यांना पाठीशी घालताय, हा तुमचा मोठेपणा. तुम्ही स्वतः पाण्यात उतरलात, हे आम्ही कुणी विसरणार नाही." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मी कॅलेंडर हातात धरून, "नाही हो, ऐका," म्हणत राहिले, आणि टाळ्या वाढत गेल्या.

सगळे जेवायला उठल्यावर हिशेबनीस मागे राहिले. त्यांनी माझ्या हातातून कॅलेंडर घेतलं, चष्मा नसल्याने अगदी नाकाशी नेलं आणि ती चौकट शोधून काढली.

"तृतीया दुपारी एक पन्नासपर्यंत," त्यांनी वाचलं. "म्हणजे सकाळी चतुर्थी लागलीच नव्हती."

"नव्हती."

"मग तुम्हीच चुकलात."

"हो. मीच चुकले. मला माफ करा."

त्यांनी कॅलेंडर नीट गुंडाळून माझ्याकडे दिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोसवला असता.

"पण मी तर सगळ्यांदेखत माफी मागून बसलो," ते म्हणाले, आणि भिंतीला हात लावत जेवणघराकडे गेले.