विजयाचे धोंडे

विजया गेल्याची बातमी मला भागाजीरावांकडून कळली, हे अजून सहन होत नाही. नगरच्या कॉलेजात आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसून इतिहास शिकवला, आणि फोन केला तो सुप्याच्या पलीकडल्या एका शेतकऱ्यानं. "मॅडम, ताई गेल्या. मी दवाखान्यातच हुतो... तुमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

नव्हतं सांगितलं. आजारी असल्याचंही तिनं माझ्यापाशी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तिचा हेवा मला पहिल्यापासून वाटे. महापाषाणयुगावर पीएच.डी. माझी. लोखंड नवं होतं त्या काळी माणसं आपल्या मृतांना पुरून तिथं मोठाले दगड रचत. त्या स्मारकांना मराठी नावं देण्यात मी उमेदीची वर्षं घातली. एकट्या उभ्या दगडाला, म्हणजे मेनहिरला, मी 'एकाश्मस्तंभ' म्हणे. उभ्या दगडांवर छतासारखी शिळा ठेवलेल्या डॉल्मेनला 'शिलाप्रकोष्ठ'. विजया वर्गात सरळ सांगायची, उभा धोंडा आणि दगडी खोपी. पेपरात पोरं तिचेच शब्द लिहीत आणि मला ते बरोबर धरावे लागत...

भागाजीरावांच्या माळावरचं दगडांचं रिंगण मात्र आधी मला दिसलं. ते शिळावर्तुळच असावं असं वाटलं, म्हणून मीच विजयाला दाखवायला नेलं. पोचलो तर माळ सपाट करायला जेसीबी आलेला. मी भागाजीरावांना काळ, संस्कृती, दफनाच्या पद्धती, सगळं समजावलं. ते मान डोलवत होते, पण नजर जेसीबीकडे. मग विजया एका दगडापाशी खाली मातीतच बसली. म्हणाली, "दादा, इथं कुणीतरी आपलं माणूस ठेवलंय. एवढाले धोंडे ओढत आणले, म्हणजे त्याच्यावर लई जीव असणार."

 भागाजीरावांनी ड्रायव्हरला हात केला. "बंद कर रे. ऱ्हाऊ दे ते."

दगड वाचले. मला आनंद झालाच. पण त्या दिवशी त्यांच्या घरी चहा घेता घेता ती 'ताई' झाली आणि मी 'मॅडम'च राहिले.

गेल्या आठवड्यात पोरांना घेऊन माळावर गेले. रिंगणाच्या अलीकडे भागाजीरावांनी चपला काढल्या, त्यांचं पाहून पोरांनीही. "ताईंनी लावलेली सवय हाय," ते म्हणाले. "आल्या की अनवानीच जायच्या आत." मला ठाऊकच नव्हतं. माझ्याशिवाय ती इथं किती वेळा आली असेल... मी जरा बाहेरच थांबले. मग बुटांच्या नाड्या सोडल्या. पहिल्याच पावलाला सराट्याचा काटा रुतला.

विजू, गेल्यावरही तुझंच ऐकायला लावतेस.