कोंबड्यांच्या पोटासाठी गाव रिकामं

कोंबडीला जुलाब झाले तर अख्खं गाव रिकामं करावं, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. आम्ही आमच्या पाम गावात ते करून दाखवलं.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझर आहे. म्हणजे दिवसभर लोकांना ‘हेल्मेट घाला’, ‘इथे विडी ओढू नका’, ‘झाकण उघडण्याआधी दाब बघा’ असं सांगायचं आणि त्यांनी दुर्लक्ष केलं की तेच आणखी मोठ्यांदा सांगायचं. घरी मात्र माझं कोणी ऐकत नाही. बायको विशाखा तर मुळीच नाही. घरामागच्या वाडीत पत्र्याची शेड घालून तिने गावठी कोंबड्या पाळायला घेतल्या, तेव्हा तिने मला विचारलं नव्हतं. कळवलं होतं!

पण धंदा बसला. आमचे शेजारी भालूकाका, म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, त्यांनी मुलीच्या हळदीसाठी सगळ्या कोंबड्या विशाखाकडेच सांगितल्या. आमच्याकडे लग्नाला जेवायला कमी आले तरी चालतं, हळदीला चालत नाही. हळदीचा रस्सा चुकला तर नवरीच्या बापाला तिची नातवंडंसुद्धा नावं ठेवतात. विशाखा आनंदाने उडायची तेवढी बाकी होती.

आणि ऐन मे महिन्यात कोंबड्यांचं पोट बिघडलं.

पिसं विस्कटलेली, मान खाली, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही (का नाही, ते सांगत नाही. तुम्ही कदाचित जेवत असाल). मी लगेच पुढाकार घेतला. बाजारात एकाने सांगितलं म्हणून अँटिबायोटिकची पुडी आणली आणि पाण्यात कालवून दिली. कोंबड्या आणखी मलूल झाल्या. मग विशाखाने कोंबडी काखेत मारून थेट पशुवैद्यक मॅडमना गाठलं. मी मागून गाडी लावून गेलो.

मॅडमनी तपासणी करवून घेतली. “जंत नाहीत, रक्ती हगवणही नाही. खाद्य एकदम बदललंत, त्यात हे ऊन. आणि अँटिबायोटिक कोणी दिलं?”

विशाखाने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

“अहो, कोंबडीच्या आतड्यात चांगले जंतू असतात. तेच पचन सांभाळतात, वाईटांना हाकलतात. तुम्ही चांगल्या-वाईट सगळ्यांनाच मारलंत. आता चांगले परत भरा. ते प्रोबायोटिक. पुडी मिळते, नाहीतर ताजं दही आहेच, थोडं थोडं खाद्यात कालवा. आणि त्या जंतूंना खायला लागतं ते प्रीबायोटिक. लसूण, कांद्याची पात, केळं, असलं काहीतरी.”

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. “म्हणजे प्रोबायोटिक हा कामगार, आणि प्रीबायोटिक हा त्याचा डबा!”

“अगदी तसंच!” मॅडम हसल्या. “आणि पाणी नळाचं ताजं देऊ नका. त्यातल्या क्लोरीनने तुमचा कामगार कामावर चढायच्या आधीच मरेल. विहिरीचं द्या.”

तिथेच मी पेटलो! इतक्या वर्षांत मला कोणी ‘अगदी तसंच’ म्हटलं नव्हतं.

विशाखाने घरी येऊन एका छोट्या मडक्यात तांदळाचं धुवण, दही, ठेचलेली लसूण आणि चिमूटभर गूळ घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं सावलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं खाद्यात कालवून दिलं. कोंबड्या तुटून पडल्या! दोन-चार दिवसांत शेडची जमीनही कोरडी दिसायला लागली. मी आनंदाने आईला हाक मारली. “आई, बघ! घट्ट!”

आई जेवत होती. तिने ताट सरकवलं आणि म्हणाली, “तुज्या बापानं पन अशी बातमी कदी दिली नाय रं मला.”

इथेच थांबायला हवं होतं. पण मडक्यातून कामगारभरती करणं मला पटेना. मी कंपनीतला माणूस! मला ‘प्लांट’ हवा होता. मी बाजारातून नवाकोरा निळा ड्रम आणला. भला मोठा, खाद्यपदार्थ ठेवतात तसला, झाकणाला लोखंडी कडं असलेला. त्यात धुवण ओतलं, दही ओतलं, सोललेली लसूण ओतली आणि वाडीतली पिकून काळी पडलेली केळी घडच्या घड घातली. गुळाच्या बाबतीत विशाखा ‘चिमूटभर’ म्हणाली होती. ड्रमच्या मानाने माझी चिमूट म्हणजे अख्खी ढेप झाली.

“झाकण असं आवळू नका,” विशाखा म्हणाली. “फडकं बांधा. ते फसफसतं, त्याला श्वास लागतो.”

“श्वास नाही, शिस्त लागते,” मी म्हणालो. “हवा लागली तर बाहेरचे जंतू घुसतील. तू सेफ्टी माझ्यावर सोड.”

आणि मी कडं चढवलं. पान्याने आवळलं. वर लाकडी ओंडका ठेवला. पाण्याने भरलेली घागर ठेवली. मग त्यावर बसूनही पाहिलं!

तो ड्रम मी शेडच्या तापलेल्या पत्र्याखाली ठेवला, मे महिन्याच्या उकाड्यात.

रविवार उजाडला. विशाखा खाद्य आणायला बोईसरला गेली. जेवणाआधी मी भालूकाकांच्या ओटीवर बसलो होतो. काका हळदीच्या मांडवाचं बोलत होते आणि मी मांडवात गॅस सिलिंडर कुठे ठेवावेत यावर त्यांचं मार्गदर्शन करत होतो. (त्यांनी मागितलं नव्हतं.) शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारे मिश्राजी रात्रपाळी करून येऊन बाहेर खाटेवर झोपले होते.

आणि... धड्डाऽऽम!

झाडांवरचे कावळे उडाले. मिश्राजी खाटेसकट उलटले. पाठोपाठ पत्रा थरथरल्याचा असा काही आवाज आला, की भालूकाकांच्या हातातली बशी आपोआप वाजायला लागली.

आता आमच्या भागात धडाम झालं की त्याचा एकच अर्थ असतो. गावातलं शेंबडं पोरही इकडेतिकडे न बघता एमआयडीसीकडे बघतं.

“कंपनी गेली!” काका ओरडले.

“कौन सी? मेरी तो नहीं?” मिश्राजी खाटेखालून म्हणाले.

तेवढ्यात वास आला. आंबट, झणझणीत, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. सगळं गाव बाहेर आलं आणि सगळ्या गावाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात एवढा मोठा क्षण आला नव्हता! मी ओटीवर उभा राहिलो. खोल श्वास घेतला. वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण पणाला लावलं.

“अॅसिटिक अॅसिड!” मी जाहीर केलं. “गळती आहे! कोणी घाबरू नका! पळा!”

(माझं निदान शास्त्राला धरून होतं, हे मी आजही सांगतो. आंबवलं की तेही तयार होतं.)

मी मूठभर माती हवेत उडवली. ती काकांच्या डोळ्यात गेली, त्यावरून वारा कळला. “वाऱ्याला आडवे चला! शाळेच्या मैदानाकडे! ओले रुमाल नाकाला! धावायचं नाही, भरभर चालायचं!” लोक धावत सुटले. कोणी टीव्ही घेतला, कोणी म्हातारी घेतली. काकांनी हळदीच्या पत्रिकांचा छापून आलेला गठ्ठा छातीशी धरला. नवरी मुलगी तोंडाला लावलेल्या मुलतानी मातीसकट पळाली, तिला बघून दोन पोरं गॅसला नव्हती घाबरली एवढी घाबरली.

गावच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. पहिला आला, ‘पाममध्ये वास.’ मग ‘टाकी फुटली.’ मग ‘सेफ्टीवाले साहेब आत अडकले.’ मी स्वतः तो मेसेज मैदानावर उभा राहून वाचला आणि क्षणभर मलाच माझं वाईट वाटलं. कोणीतरी अग्निशमन दलाला फोन केला होता. म्हणजे माझ्याच सांगण्यावरून केला होता!

मैदानावर मी माणसं मोजायला लागलो. पुन्हा मोजली. आई नव्हती!

“आई घरात राहिली!” मी ओरडलो. काका म्हणाले, “अरे नको जाऊस, मरशील!” मी ओला टॉवेल तोंडाला गुंडाळला आणि पळालो. आता विनोद बाजूला ठेवून सांगतो, त्या दोन गल्ल्या मला संपता संपेनात. वास प्रत्येक पावलाला वाढत होता. मनात येत होतं, सगळं गाव बाहेर काढलं आणि आईलाच विसरलो. घरात हाका मारल्या. उत्तर नाही. मागच्या दाराने वाडीत गेलो.

आई शेडसमोर उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. केसांत लसणीच्या पाकळ्या. खांद्यावर केळ्याची साल.

“आई! डोळे जळतायत का? श्वास घेता येतोय का?”

“मेल्या,” आई म्हणाली, “तुजा डरम फुटला!”

मी वर बघितलं. पत्र्याला ताटाएवढं भोक पडलं होतं. झाकण पलीकडच्या नारळात अडकलं होतं. सगळ्या वाडीवर दह्याचा सडा पडला होता आणि आमच्या कोंबड्या (ज्यांच्या पोटाची काळजी करत आम्ही दिवस काढले) माना वर करून, पंख फडफडवत, एकमेकींना ढुशा देत तो सडा टिपत होत्या. आणि कोंबडा सगळ्यांच्या वर, ड्रमवर चढून आरवत होता!

“म्या हाका मारल्या तुला,” आई म्हणाली. “कोन हाय तर ऐकायला! समदी पोरं तोंडाला फडकी बांधून पळाली. मला वाटलं दरोडाच पडला. आनि गॅस गॅस काय करता? गॅस आसता तर आदी कोंबड्या मेल्या आसत्या ना रं! त्या बग कशा हादडतात!”

मी आईला मिठी मारली. म्हणजे मारायला गेलो. दोघेही घसरलो.

आम्ही चिखलात बसलेले असतानाच अग्निशमन दलाचा बंब वाडीच्या कुडाला येऊन लागला. त्यातून उतरले आमच्याच भागातले अधिकारी, ज्यांच्यासमोर मी गेल्याच मॉक ड्रिलमध्ये ‘दाबाखालील पात्रे’ या विषयावर बोललो होतो. त्यांनी पत्र्याचं भोक पाहिलं, नारळातलं झाकण पाहिलं, मला पाहिलं.

“काय होतं ड्रममध्ये?”

“प्रोबायोटिक, साहेब.”

“आणि?”

“त्याचा डबा.”

त्यांनी हेल्मेट काढून तोंडासमोर धरलं. ते हसत होते हे मला खांद्यांवरून कळलं.

तेवढ्यात विशाखा आली. बोईसरला तिला कोणीतरी सांगितलं होतं की तिचा नवरा टाकीत अडकलाय. खाद्याची गोणी तिथेच टाकून, रिक्षावाल्याला ‘पळव’ म्हणत ती आली होती. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, एक हुंदका दिला आणि दुसऱ्याच क्षणी विचारलं, “फडकं बांधलं होतं का?”

सगळं गाव परत आलं. मला वाटलं, काका आता मारणार. पण काका वाकून कोंबड्या बघत होते. “ह्यांची भूक बघ! पोट सुदरलं रे! विशाखा, हळदीला ह्याच कोंबड्या पायजेत मला!”

हळद दणक्यात झाली. रश्श्याचं नाव अजून निघतं. विशाखा आता आसपासच्या बायकांना कोंबड्यांचं पोट कसं सांभाळायचं ते शिकवते, फडकं बांधलेलं मडकं समोर ठेवून. झाकण का आवळू नये हे विचारलं की ती माझ्याकडे बोट दाखवते.

आणि माझंही नाव झालंच! आता एमआयडीसीच्या बाजूने कधी खरोखरचा मोठा आवाज आला, तर गाव पळत नाही. आधी मला फोन करतं.

“दादा, हा आवाज कंपनीचा, का तुमचा?”