सव्वा मूठ गहू

परवा शनिवारी मी भर घरात तोंडावर आपटलो... आणि बरंच झालं म्हणायचं.

कानबाईसाठी अमळनेरजवळच्या आमच्या गावी गेलो होतो, मी आणि माझी बायको जिन्सी. आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचेच रोट करायचे, आणि ते फक्त घरच्यांनीच खायचे. पाहुण्याला तुकडासुद्धा नाही... अहो, जावयालाही नाही!

जिन्सी केरळची, ख्रिश्चन. धुळ्यात नर्स आहे. पाच वर्षांपूर्वी आम्ही रजिस्टर लग्न केलं. ना तिने धर्म बदलला, ना मी. तिथल्याच देवपूर भागातल्या आमच्या घरात माझ्या देव्हाऱ्याशेजारीच तिचा क्रूस आहे, कुणाचं काही अडत नाही.

गावी मात्र दरवर्षी तेच. आम्ही सगळे रोट खायचो आणि जिन्सी वेगळा भात. तिच्या नावाची मूठच नसायची... म्हणजे सून असून पाहुणी. मनातल्या मनात वडिलांवर, नानांवर, चिडायचो. लग्नात ते गप्प गप्प होते, त्यांचा तोच राग अजून आहे असं मी धरून चाललो होतो.

तर शनिवारी नाना एकेकाचं नाव घेऊन सुपात गहू टाकत होते. माझं नाव झालं. तेवढ्यात आईने, म्हणजे अक्काने, सरळ विचारलं, "जिन्सी, तू खाशी का वं रोट?"

"खाईन की अक्का. माझी प्रार्थना करून खाईन," जिन्सी म्हणाली. "मला कधी कुणी विचारलंच नाही."

अक्का माझ्याकडे वळली. "तू तं म्हने तिले चालत नही!"

झालं... म्हणालो होतो खरा. पहिल्याच वर्षी, फोनवर. वाद नको, कुणाची श्रद्धा दुखायला नको म्हणून. जिन्सीला न विचारता सांगून मोकळा झालो आणि खापर मात्र नानांच्या डोक्यावर! जिन्सीने माझ्याकडे कसं पाहिलं ते इथे लिहीत नाही.

नानांनी सुपात एक मूठ टाकली, वर पाव मूठ, आणि म्हणाले, "जिन्सी." त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च ती चुकवत नाही, सकाळच्या एसटीने धुळ्याला गेली. इकडे नैवेद्य झाला, एक वाजला, दीड वाजला... बस काही येईना. मी म्हटलं, तुम्ही बसून घ्या, तिचं ताट झाकून ठेवू, तिला चालेल. परत तिच्या वतीने मीच! खोड जाते का...

नानांनी ताट मागे सारलं. "थांब रे. घरनं मानूस येवानं शे अजून." घरचं माणूस यायचंय म्हणे!

अडीचला ती आली, घामाघूम. सगळं घर उपाशी बसलेलं पाहून दारातच थबकली. मग हातपाय धुतले, डोळे मिटून आपली प्रार्थना केली आणि रोटाचा तुकडा मोडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं... आमटी तिखट झालीय म्हणून वेळ मारून नेली.

लग्न करताना वाटलं होतं, आपण फार मोठी हिंमत केली. पण साधं "तू खाशील का?" विचारायची हिंमत काही झाली नव्हती. ती अक्काने केली.

जिन्सी, चुकलो. आणि नाना... तुम्ही तिच्यासाठी उपाशी थांबलात, हे मी जन्मात विसरणार नाही.