कागदावरचा निबाल्दो

सरकार घरभाड्याला हातभार लावतं, पण त्यासाठी माणूस आधी कागदावर गरीब असावा लागतो. एदुविनाबाई घरात गरीब होत्या. कागदावर चांगल्या सुखवस्तू. कारण सरकारी नोंदीत त्यांच्या नावाखाली त्यांच्या मुलाचं, निबाल्दोचं, नाव होतं आणि निबाल्दो उत्तरेला तांब्याच्या खाणीत दणदणीत पगार घेत होता. चिलीतलं हे वाल्पराइसो बंदर सोडून त्याला नऊ वर्षं झाली होती. बाईंनी मुलगा जाऊ दिला, नाव तेवढं जाऊ दिलं नाही.

आता मालकाने भाडं वाढवलं होतं. मदत मिळाली तर टेकडीवरच्या दोन खोल्या राहणार, नाहीतर महिनाअखेर बाहेर. तेव्हा काळजावर दगड ठेवून बाईंनी नाव कमी करायचा अर्ज दिला आणि नगरपालिकेची यास्ना चौकशीला आली.

"मुलगा इथे राहत नाही ना, आजी?"

"छे. चिटपाखरू नाही."

यास्नाने दारामागे बघितलं. खुंटीवर पुरुषी कोट, खाली चकचकीत बूट. आत पलंगावर कालच धुतलेली चादर. आरशाखाली दाढीचं सामान. हे लपवावं असं बाईंना सुचलंच नव्हतं. नऊ वर्षांत ते त्यांना दिसेनासं झालं होतं.

"दाढी कोण करतं?"

"मी तर नाही," बाई म्हणाल्या, "अजून तरी."

यास्ना हसली, पण लिहीत राहिली. शेजाऱ्याची साक्ष हवी होती. बाईंनी पत्र्याच्या भिंतीवर मूठ आपटली. पलीकडचे एर्मेसभाऊ, निवृत्त खलाशी, सपाता फटफटवत हजर झाले. बाईंचं काम म्हटल्यावर त्यांची छाती गलबताच्या शिडासारखी फुगायची.

"निबाल्दो? लाखात एक पोरगा. रविवारीच आला होता. आईला केक आणला."

केक बाई स्वतःच आणायच्या. महिन्यातून एका रविवारी. भाऊंना तुकडा देताना सांगायच्या, पोराने आणलाय, दमून झोपलाय बिचारा.

"भाऊ, गप्प बसा."

"का म्हणून? होऊ दे की पोराचं कौतुक. पंधरा दिवस खाणीत, पंधरा दिवस आईजवळ. आहे का असा कुणी या टेकडीवर?"

यास्नाचं पेन थांबलं. "सुट्टीचे पंधरा दिवस इथे राहतो म्हणजे घरातलाच झाला, आजी. मग मदत नाही मिळायची."

बाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ झग्याची चुणी सरळ करत राहिल्या.

"येत नाही तो," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांत एकदाही नाही. नाताळला फोन येतो, तोही घाईत. केक मी आणते. बूट मी पुसते."

एर्मेसभाऊ आपल्या सपातांकडे बघत होते. "ठाऊक आहे, बाई. भिंत पत्र्याची आहे. इकडे बोलणारं माणूस एकच असतं."

"मग ही साक्ष कसली दिलीत, मेल्या?"

"मला वाटलं, तुम्हाला हीच हवी असेल."

यास्नाने ओळ खोडली, दुसरी लिहिली आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवली. "घरात राहणारी माणसं, एक."

बाईंनी सही केली. खोल्या राहिल्या.

"आणि समजा, तो आलाच राहायला?"

"तर कळवायचं, आजी. मदत बंद होईल मग."

"होऊ दे," बाई म्हणाल्या. "धावत येऊन कळवीन."