आत्याचे आठ तास

आत्या टेबलावर बटणं सरकवत होती. लाल बटण म्हणजे ड्रायव्हर, पांढरं म्हणजे बस. कुठलाही कोड मशीनवर चालवायच्या आधी ती असा हातानं चालवून बघायची.

"यानं शेवटचा ड्रायव्हर धरलाच नाही," ती म्हणाली. खरंच, एक लाल बटण कडेला उरलं होतं.

यानं म्हणजे एआयनं. कोड लिहून देणारा हा मदतनीस बस डेपोत नवा आला होता. तो वापरायची परीक्षा पास झाल्याशिवाय ड्युट्यांच्या टेबलावर कुणी बसायचं नाही, असा हुकूम निघाला. ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावणारा प्रोग्राम वीस वर्षांपूर्वी आत्यानंच लिहिलेला. नापास झाली तर टेबल जाणार आणि तिची बदली हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर.

परीक्षेत स्वतः कोड लिहायचा, एआयच्या कोडमधल्या चुका काढायच्या आणि त्याला काम नीट सांगायचं. पहिल्या दोन्हींत आत्या वाघीण. तिसऱ्यात बोंब. म्हणून महिनाभर रोज संध्याकाळी मी एआय व्हायचे. शाळा नववीतच सोडलेली, मला वेळच वेळ.

"सोमवारच्या ड्युट्या लाव."

"कुठल्या सोमवारच्या?"

"येत्या. आणि म्हाताऱ्यांना लांबच्या गाड्या देऊ नकोस."

"म्हातारा म्हणजे किती वर्षांचा?"

"अगं, बघून कळतं."

"मला डोळे नाहीत. मी मशीन आहे."

"ते तुझ्या मार्कांवरून कळलंच होतं."

दुसरं कुणी असं बोललं असतं तर दात पाडले असते. आत्या बोलली की हसू यायचं. तेवढी एका जागी मी शाळेतसुद्धा कधी बसले नव्हते. त्या संध्याकाळी अजून आठवतात.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर पायऱ्यांवर बसून नखं खाल्ली. आत्या शांतपणे बाहेर आली. शेवटचा प्रश्न नेमका ड्युट्यांचाच होता. दोन ड्युट्यांमध्ये सात तास विश्रांती, असं पेपरात छापलेलं. त्यावरून एआयसाठी सूचना लिहायची. आत्यानं आठ लिहिलं.

"चुकून?"

"नाही. सात पुरत नाहीत."

"पेपर होता तो, आत्या. खरी बस नव्हती. एक आकडा तर उतरवायचा होता."

"पेपरात लिहिलं की उद्या डेपोतही लिहिलं जातं."

पाच मार्कांचा प्रश्न. आत्या तीन मार्कांनी नापास झाली.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी डेपोतला एक कारकून तिला हट्टी म्हातारी म्हणाला, त्याची मी भर ऑफिसात खरडपट्टी काढली. मी म्हटलं तर चालेल, त्यानं का म्हणावं?

साहेब म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बसा. ती बसली नाही. "परत सातच विचारलं तर?" म्हणाली. छत्र्या, डबे आणि एकेकटे बूट सांभाळत त्याच खिडकीवरून निवृत्त झाली.

आत्या गेली, तेव्हा काठी टेकत एक म्हातारा ड्रायव्हर भेटायला आला. त्याच्याकडून कळलं. तिच्या पहिल्या प्रोग्राममध्ये विश्रांती सातच तासांची होती. एका पहाटे ड्रायव्हरचा डोळा लागला आणि बस पुलाच्या कठड्यावर गेली. प्रवासी वाचले, ड्रायव्हरचा पाय गेला. त्याच दुपारी आत्यानं कुणाला न विचारता सातचे आठ केले.

ती बस तोच चालवत होता.