ताईच्या माळा आणि माझी गिऱ्हाईकं

खरं तर हे मी कुणालाच सांगायचं नाही, असं ठरलंय. ताईने मला तुळशीसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली आहे. पण ती शपथ तिच्याबद्दल न बोलण्याची होती. माझ्या मूर्खपणाबद्दल तीत एक अक्षर नव्हतं. तेव्हा मी फक्त माझा मूर्खपणा सांगते, आणि त्यात मध्येमध्ये ताई आली तर तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. चालेल ना?

आधी एक सांगून ठेवते. मी फार बोलत नाही. वर्गात हजेरी घेताना माझं "हजर" मॅडमना ऐकूच जात नाही, म्हणून गैरहजेरी लागते. ती खोडा असं सांगायला पुन्हा बोलावं लागतं, म्हणून ती तशीच राहते.

तर, ताई पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. बरीच वर्षं. या उन्हाळ्यात ती पुस्तकांची पोती घेऊन महागावला परत आली, पोती माळ्यावर चढवली आणि मागच्या खोलीत जाऊन झोपली. जेवायला उठायची, आंघोळीला उठायची, पण त्याला काही उठणं म्हणत नाहीत. दाराबाहेर तर पाऊलही नाही. कारण बाहेर जो पहिला भेटेल तो विचारणार, "काय मंग, साहेब झाली का?" आमच्याकडे लोक हे प्रेमानेच विचारतात. म्हणून तर उत्तर द्यावं लागतं.

बाबा एका कचेरीत कारकून आहेत. त्यांनाही रोज कुणीतरी विचारायचंच. ते म्हणायचे, "निकाल यायचा आहे." कोणता निकाल, हे त्यांना तरी माहीत होतं का, कोण जाणे. घरात आम्ही सगळे हळू आवाजात बोलायला लागलो होतो. मला त्याचा त्रास नव्हता, मी आधीपासूनच हळू बोलते. पण आई भांडीसुद्धा न वाजवता घासायची, ते मला बघवायचं नाही.

आणि एक दिवस ताईने विचारलं, "आई, घरात सुती दोरी आहे का?"

कित्येक दिवसांत तिने मागितलेली ही पहिली वस्तू. आई अशी धावली की अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी ओल्या कपड्यांसकट सोडून घेऊन आली. मग कवड्या आल्या, लहान आरसे आले, लोकरीचे गोंडे आले. ताई त्या दोरीला गाठीवर गाठ मारत माळ करायची. गळ्यात घालायची माळ. चांगली मनगटाएवढी जाड, मधे आरसा, दोन्ही बाजूंना कवड्या, खाली निळे-लाल गोंडे, आणि लांबी बेंबीपर्यंत.

बाबांनी पहिली माळ दोन्ही हातांत धरून पाहिली. "सुंदर आहे. जेवताना काढून ठेवायची असेल, नाही?"

"बाबा, पुण्यात मुली हेच घालून कॉलेजला जातात."

"असं का," बाबा म्हणाले. "पुण्याच्या मुली खंबीर असतात."

या माळा गावातल्या दुकानात ठेवायच्या, असं ठरलं. पण ताईचं नाव घ्यायचं नाही. नाहीतर लोक म्हणणार, साहेब व्हायला गेली अन् मणी ओवत बसली. मग दुकानात कोण जाणार? जिच्या तोंडून शब्द फुटत नाही ती. माझं तोंड उघडत नाही म्हणून माझी निवड झाली, आणि पुढचं सगळं त्याच तोंडामुळे झालं.

बाजारात एक दुकान आहे, अर्धं बांगड्यांचं आणि अर्धं दोर-दाव्यांचं. बांगड्या, टिकल्या, खोटे दागिने काकू विकतात. दुसऱ्या बाजूला त्यांचे यजमान दोरखंड, घुंगरं, ताडपत्री असं शेतकऱ्यांचं सामान विकतात. मी काकूंपुढे पिशवी ठेवली.

"कोन बनवते व हे?"

"एक जण आहेत."

"कोन एक जण?"

"बाहेरगावच्या."

"बाहेरगावच्या बाईले काही गळाबिळा आहे का नाही? हे कोन घालन?" असं म्हणत का होईना, काकूंनी माळा खिळ्याला टांगल्या. विकल्या तर येत्या सणानंतर हिशेब, असं ठरलं.

माळा तिथे लटकत राहिल्या. मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर जाऊन टिकलीची पाकिटं चाळल्यासारखं करायची आणि खिळ्याकडे बघायची. बाया यायच्या, हात लावायच्या. "वजन किती व माय," म्हणायच्या. एकीने गळ्याशी धरून आरशात पाहिलं, तर तिच्याबरोबरची इतकी हसली की तिला स्टुलावर बसवावं लागलं. हे मी घरी कसं सांगणार? ताई काही विचारायची नाही. मी आत आले की फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि हातातली दोरी खाली ठेवायची.

मग एका शनिवारी मी घरी आले तर दोरी पेटीत ठेवलेली. ताई भिंतीकडे तोंड करून झोपलेली, दुपारी, पंखा न लावता. आई दारात उभी राहून नुसती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "एक माळ गेली."

ताई उठून बसली. "कोणी घेतली?"

आता इथे गप्प बसायचं की नाही? बोलायची वेळ असते तेव्हा माझी वाचा बसते, आणि गप्प राहायचं तेव्हा मला कंठ फुटतो. मी म्हणाले, "एका नर्सबाईंनी."

"दवाखान्यात घालणार?"

"सुट्टीच्या दिवशी."

त्या संध्याकाळी दोरी पेटीतून बाहेर आली. आईने भांडी घासली, चांगली खणखणीत आवाज करत.

पुढच्या शनिवारी मी जीव मुठीत धरून दुकानात गेले. म्हटलं, निदान एक माळ परत घेऊन लपवू, म्हणजे खोटं थोडं खरं होईल. पाहते तर खिळा रिकामा. काकू म्हणाल्या, "गेल्या साऱ्या. अजून आन. अन् त्या बाईले म्हणा, जोड्या पाह्यजेत. एकसारख्या दोन-दोन."

कोणी घेतल्या, हे मी विचारायला नको होतं का? तुम्ही विचारलं असतं. कोणीही विचारलं असतं. मी "हो" म्हणाले आणि जवळजवळ पळत घरी आले, कारण आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगण्यासारखी बातमी होती.

पण ताईला नुसती बातमी पुरेना. कोणी घेतली? दिसायला कशी होती? लगेच घातली का? मी एक शिक्षिका सांगितली, लांब मानेची. एक नवी नवरी सांगितली. बँकेतल्या एक मॅडम सांगितल्या, त्यांचा रंग जरा सावळा, म्हणून लाल गोंडे शोभतात. ताई ते मन लावून ऐकायची आणि तशी माळ करायची. जोड्या कशाला, असं तिने विचारल्यावर मी म्हणाले, मैत्रिणी-मैत्रिणी घेतात. तर तिने जोडीतल्या एका माळेचा आरसा डावीकडे आणि दुसरीचा उजवीकडे बसवला, म्हणजे दोघी शेजारी उभ्या राहिल्या की आरसे समोरासमोर यावेत. इतका विचार करायची ती. मी बघायची आणि मला रडू यायचं, पण खोटं बोलून रडायचं कसं?

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी शेवटच्या जोड्या घेऊन गेले. काकूंच्या बाजूला कोणी नव्हतं. सगळी गर्दी काकांच्या बाजूला. आणि तिथे, वेसणी आणि घुंगरांच्या मधोमध, दांडीवर, ताईच्या माळा ओळीने टांगलेल्या.

एक शेतकरी त्यातली एक ओढून ओढून बघत होता. "माह्या चांद्याले पुरन काय? त्याची मान भारी आहे."

"पुरते ना," काका म्हणाले. "मागच्या हप्त्यात या बाजूले टांगल्या अन् दिवसभरात सरल्या. ही पाहा, हीच पोट्टी आनते. काय व, पक्क्या आहेत ना? बैलानं मान झटकली त तुटनार त नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "नाही."

काकू पलीकडून म्हणाल्या, "तुह्या त्या बाईले सांग, मानसाचा गळा तिले समजत नाही, पन बैलाचा लय समजते."

आता तुम्हीच सांगा, मी घरी जाऊन काय बोलायचं होतं? मी ठरवलं होतं, खरं. अगदी वाटेत वाक्यं जुळवली होती. दारात पोचले तर ताईचे केस धुतलेले. आई तिचा निळा ड्रेस इस्त्री करत होती आणि बाबा उगाच तिथे घुटमळत होते.

ताई म्हणाली, "उद्या मी बाहेर येणार आहे. पोळा फुटला की सगळ्या बाया दारांत उभ्या असतात. बघू तरी, कोणाकोणाच्या गळ्यात आहे."

जुळवलेली वाक्यं मी गिळून टाकली. रात्री आई माझं कपाळ चाचपून म्हणाली, "ताप आहे का गं?" नव्हता. मी खूप प्रयत्न केला होता, तरी नव्हता.

आमच्याकडे बैल नाहीत, शेतही नाही. पण पोळा फुटला, म्हणजे मैदानातले बैल सुटले, की आमच्या गल्लीतले लोक आपापल्या जोड्या दारोदार आणतात. बाया बैलांचे पाय धुतात, ओवाळतात, पुरणपोळी चारतात. आईने ताट तयार केलं आणि ताईच्या हातात दिलं. "माझे गुडघे दुखतात. तूच ओवाळ." आईचे गुडघे ठणठणीत आहेत.

ताई दारात उभी राहिली. मी दाराच्या मागे, फटीत.

पहिली जोडी आली गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या किसनभाऊंची. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, आणि दोघांच्या गळ्यात ताईच्या माळा. डाव्याचा आरसा उजव्या बाजूला, उजव्याचा डाव्या बाजूला, अगदी समोरासमोर. मैत्रिणी-मैत्रिणी.

ताईच्या हातातलं ताट हललं नाही. ती हललीच नाही.

आणि किसनभाऊंनी तेच विचारलं. "ताई, कवा आली व पुण्याहून? झाली का साहेब?"

बाबा आतून पुढे झाले, बहुतेक निकाल यायचा आहे हे सांगायला. ताई बैलाच्या गळ्याकडे बघत म्हणाली, "नाही झाले."

"बरं," किसनभाऊ म्हणाले. "ओवाळ मंग लवकर. हा उभा राहत नाही."

एवढंच. ताईने ओवाळलं. पुरणपोळी दिली. एका बैलाचा गोंडा झुलीखाली अडकला होता, तो तिने हळूच सोडवून पुढे घेतला. मग दुसरी जोडी आली, तिसरी आली. मी सांगितलेली सगळी गिऱ्हाईकं एकामागून एक आमच्या दारात आली, चार-चार पायांनी. ताईने सगळ्यांची पूजा केली. शेवटी ती वळली, फटीतून थेट माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "यातल्या नर्सबाई कोणत्या?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती ताट ठेवून मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. निळा ड्रेस घडी घालून खुर्चीवर. त्या घरात पुन्हा भांडी वाजेनाशी झाली, आणि या वेळी ते माझ्यामुळे होतं.

मला वाटलं, आपणच काहीतरी केलं पाहिजे. आणि मला काही वाटलं की समजायचं, आणखी बिघडणार. शाळा उघडली त्या दिवशी उरलेली एक माळ गळ्यात घालून मी गणवेशावर तशीच शाळेत गेले. माणसंही ही घालू शकतात, हे ताईला दाखवायचं होतं. चहाच्या टपरीवरचे आजोबा म्हणाले, "पोळा सरला ना व बाई." वर्गात मागच्या बाकावरून आवाज आला, "शिंगं कुठं ठेवून आली?" मी दिवसभर माळ काढली नाही. मान मोडून आली.

घरी येऊन मी ताईच्या खोलीत गेले. ती म्हणाली, "काय म्हणाल्या मुली?"

या वेळी मी खरं सांगितलं. सगळं, शिंगांसकट.

ताई हसली, असं मला इथे लिहायला फार आवडलं असतं. ती हसली नाही. तिने माझ्या गळ्यातली माळ काढली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "ही उजव्या बैलाची आहे. तुला डाव्याची शोभली असती." मग पुन्हा भिंतीकडे वळली. पण माळ तिच्या हातातच राहिली, आणि बऱ्याच वेळाने पाहिलं तर ती त्यातली एक सैल गाठ पुन्हा आवळत होती.

आता काकूंचा निरोप आलाय, दिवाळीत गाईंना सजवतात, त्यांच्यासाठी माळा पाहिजेत. काल तो ऐकून ताईने पांघरूण डोक्यावर ओढलं. आज सकाळी मात्र अंथरुणातूनच विचारलं, "गाईचा गळा बैलापेक्षा किती बारीक असतो?" मला काय माहीत? मी काय गाई मोजत फिरते? पण तिने विचारलं होतं ना, आणि ती कुशीवर वळून माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी आपलं ठोकून दिलं, की तसा काही फार मोठा नसतो, साधारण माझ्याच गळ्याए—

थांबा, ताईची हाक आली: "श्रुते, पेन ठेव अन् इकडे ये. मान सरळ धर, दोरी आणलीय मी. आणि हंबरू नको, नुसती उभी राहा."